अर्ज ‘जतन’ झाला, पोहोचला नाही

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात वस्तीतला एक मुलगा आमच्याकडे सल्ला विचारायला आला. बी.एस्सी. झालेला, हातात एका क्लासची जाहिरात. ‘सर, यूआय-यूएक्सचा कोर्स करू का?’ आम्ही हसलो. आमच्या समजुतीप्रमाणे यूआय-यूएक्स म्हणजे ॲपची रंगरंगोटी. बटण गोल असावे की चौकोनी, निळे असावे की जांभळे. आम्ही त्याला सांगितले, स्पर्धा परीक्षा दे, वकिली कर, नाहीतर समाजकार्यात ये. चळवळीला बटणे रंगवणाऱ्यांची काय गरज? ‘बरं सर’ म्हणून तो निघून गेला. हा लेख आम्ही त्याला दिलेल्या त्या उत्तराबद्दल आहे. ते उत्तर चुकीचे होते, आणि ते का चुकीचे होते हे आम्हाला समजेपर्यंत एका मुलीचे वर्ष वाया गेले होते.

आम्ही उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत रविवारी वंदना झाल्यावर विहारात लॅपटॉप उघडून बसतो. शिष्यवृत्ती, वसतिगृह, निर्वाह भत्ता, उत्पन्नाचा दाखला, जातपडताळणी, असे जे अर्ज असतील ते भरून देतो. सायबर कॅफेवाला एका अर्जाचे शंभर-दीडशे घेतो, तेवढे तरी वाचतात. त्या पावसाळ्यात एक मावशी आपल्या मुलीला घेऊन आल्या. मावशी चार घरची धुणीभांडी करतात. मुलगी घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. निर्वाह भत्त्याच्या एका योजनेचा अर्ज होता. संकेतस्थळाचे नाव आम्ही सांगत नाही. अशी संकेतस्थळे पुष्कळ आहेत आणि वाचकांपैकी अनेकांनी त्यांच्यावर रात्री काढल्या आहेत.

दीड तास लागला. ओटीपी मुलीच्या वडिलांच्या मोबाइलवर जायचा आणि वडील बुटीबोरीच्या कारखान्यात पाळीवर. तिथे फोन गेटवर जमा करतात. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी फोन घेऊन ओटीपी सांगेपर्यंत पान ‘कालबाह्य’ झालेले. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी त्यांची सुट्टी होती, तेव्हा जमले. शेवटच्या पानावर आम्ही ‘जतन करा’ दाबले. हिरवी खूण आली, ‘आपली माहिती यशस्वीरीत्या जतन झाली आहे’ असे वाक्य आले. आम्ही मावशींना म्हणालो, ‘झालं.’ त्यांनी हात जोडून जय भीम केला आणि गेल्या.

त्या पानावर खाली, स्क्रीन सरकवल्यावर दिसेल अशा ठिकाणी, आणखी एक बटण होते: ‘सादर करा’.

दोन महिन्यांनी यादी लागली. तिचे नाव नव्हते. कार्यालयात विचारले तेव्हा समोरच्या माणसाने संगणकात पाहून सांगितले, अर्ज अपूर्ण आहे, तो सादरच झालेला नाही, मुदत संपली, आम्ही काय करणार? त्याचेही बरोबर होते. त्याच्या पडद्यावर तेवढेच दिसत होते. मुलीने इतवारीतल्या कापडाच्या दुकानात काम धरले, प्रॅक्टिकल बुडाले, परीक्षेला बसता आले नाही.

आता सांगायला लाज वाटते, पण सांगतो. त्या कार्यालयाच्या पायऱ्यांवर आम्ही त्या मुलीलाच विचारले होते, ‘अगं, तुला एसेमेस आला नाही तर तू विचारलं का नाहीस?’ म्हणजे चूक आमच्या हातून झाली आणि जबाब आम्ही तिच्याकडे मागितला. ती काही बोलली नाही. पुढे कित्येक दिवस आम्ही स्वतःला दोष देत राहिलो. समाजशास्त्रात एम.ए. केलेला माणूस, आणि एक बटण दिसले नाही!

ही बातमी त्या यूआय-यूएक्सवाल्या मुलाच्या कानावर गेली. आमचा सल्ला न ऐकता त्याने तो कोर्स केला होता. (चळवळीतल्या ज्येष्ठांचा सल्ला तरुण ऐकत नाहीत, अशी तक्रार आम्हीही करत असतो. यापुढे जरा जपून करू.) त्याने विचारले, ‘सर, तुम्ही चुकलात असं तुम्हाला का वाटते?’ आम्ही म्हणालो, बटण होते, दिसले नाही, मग चूक कोणाची? त्यावर तो डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन अभ्यासकाबद्दल बोलू लागला. नॉर्मन यांचे दैनंदिन वस्तूंच्या रचनेवरचे पुस्तक १९८८ साली आले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, दार ढकलायचे की ओढायचे यात लोक वारंवार गोंधळत असतील तर दोष लोकांचा नाही, त्या दाराच्या रचनेचा आहे. आणि तरीही माणसे सवयीने स्वतःलाच वेंधळे ठरवतात. पुढे १९९३ मध्ये हेच नॉर्मन ॲपल कंपनीत गेले आणि ‘युझर एक्सपिरियन्स’ हा शब्द त्यांच्यामुळे रूढ झाला. यूएक्स म्हणतात ते हेच. म्हणजे आम्ही ज्याला रंगरंगोटी समजत होतो, तो विषय चूक कोणाच्या माथी मारायची या प्रश्नातून निघालेला होता.

हा प्रश्न आपल्या ओळखीचा नाही का? शाळा सुटली तर मुलात हुशारी नाही, नोकरी मिळाली नाही तर लायकी नाही, रोग झाला तर स्वच्छता नाही. रचनेचा दोष माणसाच्या अंगाला चिकटवायचा आणि त्या माणसानेच तो मान्य करायचा, हे जातिव्यवस्थेचे जुने तंत्र आहे. समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आम्ही सी. राइट मिल्स वाचला होता. व्यक्तीची अडचण कुठे संपते आणि समाजाचा प्रश्न कुठे सुरू होतो, हे ओळखायला त्याने १९५९ मध्ये शिकवले. परीक्षेत त्यावर आम्ही पानभर उत्तर लिहिले होते. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा एका न दिसलेल्या बटणाला आम्ही आमची वैयक्तिक अडचण समजून बसलो.

मुलाने सुचवले की तपासून पाहू. जेकब निल्सन नावाचे या क्षेत्रातले दुसरे मोठे अभ्यासक आहेत. त्यांनी २००० साली लिहिले की, एखादी रचना तपासायला शेकडो माणसे लागत नाहीत, पाच माणसे बसवली तरी बहुतेक दोष उघडे पडतात. आम्ही पाच माणसे बसवली. मुलाने त्या अर्जाची हुबेहूब नक्कल फिग्मा नावाच्या साधनात केली, बटणे दाबता येतील अशी, पण कुठेही न जाणारी. विहाराच्या ओसरीवर लॅपटॉप ठेवला. पहिल्या त्या मावशी, दुसरा बारावीतला एक मुलगा, तिसरी एक अंगणवाडीताई, चौथा ऑटो चालवणारा भाऊ आणि पाचवे आबाजी. नियम एकच होता: समोरच्याला काही सांगायचे नाही, फक्त पाहायचे आणि लिहून घ्यायचे. कार्यकर्त्याला दोन तास गप्प बसायला लावणे किती अवघड असते ते आमचे वाचक जाणतात.

मावशींनी पहिल्याच पानावर विचारले, ‘बाबू, हे लाल काऊन होऊन राहिलं?’ जन्मतारखेच्या चौकटीभोवती लाल रेघ आली होती. खाली इंग्रजीत लिहिले होते की नोंद अवैध आहे. का अवैध, काय केले की वैध होईल, याचा पत्ता नाही. मावशींना सातवीपर्यंतचे वाचता येते. पण लाल रंग म्हणजे त्यांच्या लेखी आपण काहीतरी मोडले. त्यांनी माउसवरून हात काढला तो पुन्हा ठेवला नाही. अंगणवाडीताई ॲपवर रोज माहिती भरतात, त्या सरावलेल्या. त्यांना अडवले आडनावाने. नवऱ्याच्या घरचे आडनाव आधारवर, बापाच्या घरचे गुणपत्रिकेवर. ऑटोवाला भाऊ मराठी पानावर अडला. ‘अधिवास’ म्हणजे काय, ‘प्रमाणीकरण’ म्हणजे काय, त्याला सांगता येईना. त्याने भाषा बदलून इंग्रजी केली आणि म्हणाला, ‘डोमिसाइल म्हना न बाप्पा सरळ.’ मराठी शाळेत शिकलेला माणूस सरकारी मराठीला कंटाळून इंग्रजीकडे गेला, हे आम्ही वहीत दोनदा अधोरेखित केले.

मावशींचा हात थांबल्यावर त्यांच्या मुलीने तो अर्ज पुढे नेला, आणि शेवटच्या पानापर्यंत पाचही अर्ज पोहोचले. पाचपैकी चार ‘जतन करा’ दाबून, हिरवी खूण पाहून उठले. ‘सादर करा’पर्यंत गेला तो एकटा बारावीतला मुलगा, आणि तोही म्हणाला की चुकून खाली सरकले. तेव्हा कुठे आम्ही त्या मुलीची मनापासून माफी मागितली.

एक गोष्ट आम्हालाच दिसली, त्या मुलाच्या पुस्तकात नव्हती. अर्जाची रचना करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक माणूस असतो, ज्याच्याकडे स्वतःचा मोबाइल आहे, स्वतःचा ईमेल आहे, आणि जो एकटा शांतपणे बसून अर्ज भरतो. आमच्या वस्तीत अर्ज एकटा कोणी भरत नाही. मुलगी माहिती सांगते, आई कागद पिशवीतून काढते, बाप बुटीबोरीहून ओटीपी सांगतो, भाऊ किंवा कॅफेवाला टंकतो. हे चौघे मिळून एक ‘युझर’ आहेत. त्या चौघांना पुरेल एवढा वेळ पानाने द्यायला हवा, हा विचार करणारा माणूस त्या टेबलावर बसलेला नसतो, कारण तो अशा घरातून आलेला नसतो.

आता आबाजींचे सांगतो. त्यांच्यासाठी हा लेख लिहायला घेतला म्हटले तरी चालेल.

आबाजी ऐंशीच्या घरात आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ ला बापाचे बोट धरून दीक्षेच्या मैदानावर होते. नातीच्या जातपडताळणीसाठी घरातले जुने कागद तेच सांभाळतात, कारण आपल्या राज्यात अनुसूचित जातीच्या दाव्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो आणि तो त्यांच्या बापाच्या शाळेच्या दाखल्यात आहे. आबाजींनी धर्माच्या यादीत ‘बौद्ध’ निवडले. समाधानाने निवडले. पुढची चौकट आली: ‘जात’. त्यांनी यादी वर-खाली केली. आम्ही गप्प. मग ते म्हणाले, ‘धर्म बौद्ध टाकला. मंग हे जात काऊन इचारून राहिलं? बापानं ते छप्पन सालीच सोडलं न.’ यादीत ते नाव होते. त्यांना ते दिसलेही होते, आम्ही त्यांच्या बोटाकडे पाहत होतो. बोट त्या नावाजवळ थांबले आणि खाली गेले. त्यांनी ‘इतर’ निवडले. पुढच्या पानावर वाक्य आले: आपण कोणत्याही योजनेस पात्र नाही.

कायदा काय आहे तो तरुणांनी नीट समजून घ्यावा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जाती हिंदू धर्माशी बांधल्या होत्या. १९५६ मध्ये शीख धर्म त्यात आला आणि बौद्ध धर्म यायला १९९० ची घटनादुरुस्ती नव्हे, तर त्या आदेशातली दुरुस्ती व्हावी लागली. बाबासाहेबांच्या दीक्षेनंतर चौतीस वर्षे. तेव्हा आज बौद्ध व्यक्तीला अनुसूचित जातीचा हक्क आहे, पण त्यासाठी जातीची नोंद महाराष्ट्राच्या ५९ जातींच्या यादीतलीच लागते. ‘बौद्ध’ ही त्या यादीतली जात नाही, आणि असूही नये. म्हणजे अर्जात दोन प्रश्न असणे अटळ आहे. पण ते कसे विचारायचे, हे कोणत्याही कायद्याने ठरवलेले नाही. ते रचना करणाऱ्याने ठरवले.

मुलाने त्या संध्याकाळी नकलेत एकच बदल केला. ‘जात’ हा शब्द काढून तिथे लिहिले: ‘जातप्रमाणपत्रावर लिहिलेली जात निवडा’. बाजूला प्रमाणपत्राचे छोटे चित्र, त्या ओळीवर बाण. पुढच्या रविवारी आबाजींना पुन्हा बसवले. त्यांनी पिशवीतून कागद काढला, चष्मा लावला, ओळ शोधली आणि यादीतले तेच नाव निवडले. ‘कागदावर हाय ते सांगाले काय जाते,’ म्हणाले.

पहिला प्रश्न आबाजींना विचारत होता, तुम्ही कोण आहात. दुसरा विचारत होता, कागदावर काय आहे. माहिती तीच मिळाली, उलट बरोबर मिळाली. आणि ज्या माणसाच्या बापाने भर मैदानात ते नाव टाकले त्याच्याकडून ते पुन्हा कबूल करून घ्यावे लागले नाही. हे काम आम्ही ‘बटणे रंगवणे’ म्हणत होतो.

कोणी म्हणेल की एका अर्जावरून एवढे कशाला. मग मोठा अर्ज घेऊ. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात बौद्धांची नोंद अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. ती संख्या प्रगणकाने रकान्यात काय लिहिले यावर उभी आहे, आणि प्रगणकाने ते लिहावे म्हणून आपल्या आधीच्या पिढीने वस्त्यावस्त्यांत लोकांना समजावले. २०११ मध्ये ती ६५ लाख ३१ हजार होती. आता १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस धरून होणाऱ्या जनगणनेत प्रगणकाच्या हाती मोबाइल ॲप असणार आहे, लोकांना स्वतः माहिती भरण्याची सोय असणार आहे, आणि सगळ्या जातींची गणना होणार आहे. म्हणजे रकान्याची जागा आता पडद्यावरच्या चौकटीने घेतली.

चौकट चुकली तर काय होते याचे उदाहरण देशापुढे आहे. १९३१ च्या जनगणनेत ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या होत्या. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेत जातींची नावे तब्बल ४६ लाखांवर गेली. हे केंद्र सरकारनेच २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्रावर सांगितले, आणि तेही महाराष्ट्राने ती आकडेवारी मागितली त्या प्रकरणात. देशात ४६ लाख जाती आहेत असे कोणी मानत नाही. एकच जात दहा प्रकारे लिहिली गेली, पोटजात, आडनाव, गोत्र सगळे त्याच चौकटीत पडले, कारण काय लिहायचे हे चौकट सांगत नव्हती. आकडे निरुपयोगी ठरले, आणि त्या आकड्यांवर ज्यांचे आरक्षण अवलंबून होते ते अधांतरी राहिले. या गोष्टीवर चळवळीत भाषणे झाली ती सरकारच्या नियतीवर. नियतीवर व्हावीतच. पण अर्जाचा नमुना ठरत होता तेव्हा आपल्यापैकी कोणी तो मागवून आपल्या वस्तीत पाच माणसांपुढे ठेवला होता का? आम्ही ठेवला नव्हता.

हक्क कागदावर मिळणे आणि हक्कापर्यंत पाय पोहोचणे यांतले अंतर आपल्याला महाडने शिकवले आहे. सी. के. बोले यांच्या नावाने ओळखला जाणारा ठराव, असे आमच्या एका मित्राने भाषणात म्हटले तेव्हा आम्ही त्याला तिथेच थांबवले होते: सीताराम केशव बोले, एस. के. बोले. त्यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव दोन, तरीही २० मार्च १९२७ पर्यंत आपल्या माणसाची ओंजळ त्या पाण्यात गेली नव्हती. बाबासाहेब तिथे तिसरा ठराव मागायला गेले नाहीत. ते तळ्याच्या पायऱ्या उतरले.

आता न्यायालयही याकडे हक्क म्हणून पाहू लागले आहे. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि इतरांनी याचिका केली होती. बँकेच्या ऑनलाइन ओळखपडताळणीत डोळ्यांची उघडझाप करून दाखवा असे ॲप सांगते, आणि ज्यांच्या पापण्या जळाल्या आहेत त्यांनी काय करायचे? ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि वीस निर्देश दिले. एका ॲपमधली एक पायरी, आणि त्यावर घटनेचे कलम! हा निकाल आपल्या वकील मित्रांनी वाचावा. सरकारी अर्जावर वस्तीतली चार माणसे एकाच जागी अडतात, हे पुराव्यासह मांडता आले तर त्याचा उपयोग होईल असे आम्हाला वाटते.

पुरावा गोळा करणे कठीण नाही. निवडणुकीत पत्रके वाटायला, जयंतीला मंडप घालायला आपल्याकडे माणसे असतात. पाच माणसे, एक लॅपटॉप, एक वही आणि तोंडावर बोट, एवढेच लागते. मिहानमधल्या कंपन्यांत आपली मुले-मुली आहेत. दिवसभर परदेशातल्या बँकांचे ॲप तपासतात. त्यांना आम्ही जयंतीची वर्गणी मागतो. रविवारचे दोन तास कधी मागितले नाहीत.

आमच्या पाच जणांच्या नोंदी आम्ही त्या संकेतस्थळाच्या ‘अभिप्राय’ या पानावर पाठवायला गेलो. पाचशे अक्षरांची मर्यादा होती. कापून-कापून बसवले. पाठवा दाबले तर चौकट लाल. विशेष चिन्हे चालणार नाहीत. कोणती चिन्हे, ते सांगितले नव्हते. बऱ्याच खटपटीनंतर कळले की आमचा स्वल्पविराम त्याला खुपत होता. स्वल्पविराम काढले तर पान कालबाह्य.

मग आम्ही तेच सगळे चार पानांवर हाताने लिहिले, झेरॉक्स काढली आणि कार्यालयात गेलो. सोबत मावशी होत्या. मुलीने या वर्षी पुन्हा प्रवेश घेतला आहे, तिच्या अर्जाची चौकशी करायची होती. खिडकीतल्या बाईंनी एक प्रत ठेवून घेतली, दुसरीवर ‘आवक’चा शिक्का मारला, क्रमांक आणि तारीख पेनाने लिहिली आणि परत दिली. मावशींनी तो कागद हातात घेतला, शिक्क्यावरून बोट फिरवले आणि आमच्याकडे पाहून विचारले, ‘आता झालं न बाबू?’

आम्ही म्हणालो, पोहोचलं मावशी. झालं की नाही ते अजून माहीत नाही.